लांबलचक वाक्य म्हणजे कॉम्प्लेक्स का?

प्रश्न: ताई, माझी मुलगी दहावीला आहे, मराठी माध्यम. इंग्रजीत वाक्याचा प्रकार, सिम्पल (केवल), कंपाउंड (संयुक्त) की कॉम्प्लेक्स (मिश्र), ओळखायला आलं की ती आधी वाक्य किती लांब आहे ते बघते, मग ‘अँड’ शोधते आणि उत्तर ठोकून देते. जोडशब्दांची यादी तोंडपाठ आहे तरी अर्धी उत्तरं चुकतात. घरी कसं समजावू?

उत्तर: यादी सध्या बाजूला ठेवा आणि तिला आधी क्रियापदं शोधू द्या. तीही फक्त काळ दाखवणारी. ‘राम अँड सीता वेन्ट टु द मार्केट टु बाय व्हेजिटेबल्स फॉर द होल फॅमिली’ हे केवढं लांब आहे, त्यात अँडपण आहे, पण काळ दाखवणारं क्रियापद एकटं ‘वेन्ट’, ‘टु बाय’ला काळच नाही त्यामुळे ते मोजायचं नाही, म्हणून हे सिम्पल. उलट ‘आय नो हू केम’ मध्ये चारच शब्द, पण नो आणि केम अशी दोन क्रियापदं आहेत, ते कॉम्प्लेक्स. नुसतं ‘गोइंग’ मोजायचं नाही, ‘इज गोइंग’ मात्र मिळून एक धरायचं, इथे मुलं फार गोंधळतात.

दोन सापडली तर पुढचा प्रश्न, दोन्ही तुकडे बरोबरीचे की एक दुसऱ्यावर टेकलेला? ‘हि वॉज इल बट हि वेन्ट टु स्कूल’ यातला ‘बट’वाला तुकडा उचलून आधी ठेवून बघा, वाक्य मोडतं, म्हणजे कंपाउंड. ‘ऑलदो हि वॉज इल’ आधी घ्या नाहीतर नंतर, बिनधास्त चालतं, म्हणजे कॉम्प्लेक्स. आणि ‘इन स्पाइट ऑफ हिज इलनेस, हि वेन्ट टु स्कूल’ केलं की एक क्रियापद गेलं, झालं सिम्पल. अर्थ तोच, साचे तीन, हे तिला स्वतःच्या हाताने करू दे, खरंच त्याने जे कळतं ते व्याख्या घोकून कळत नाही. हू, विच, दॅट असेल तिथे ही उचलाउचल चालत नाही, तिथे तो अख्खा तुकडा नामाचं किंवा विशेषणाचं काम करतोय का ते बघायचं, करत असेल तर कॉम्प्लेक्स.

‘सो’चा सापळाही दाखवा. ‘हि वॉज टायर्ड, सो हि स्लेप्ट’ कंपाउंड, ‘सो टायर्ड दॅट हि कुड नॉट वॉक’ कॉम्प्लेक्स, आणि ‘टू टायर्ड टु वॉक’ सिम्पल. यादी पाठ करून हे सुटणार नाही.

‘शी सॅट डाउन अँड ओपन्ड द बुक’ सारख्या वाक्यात कर्ता एक आणि क्रियापदं दोन, त्यावर पुस्तकांचं एकमत नाही, कोणी सिम्पल म्हणतं कोणी कंपाउंड, तिच्या बाईंनी वर्गात जसं शिकवलंय तसंच लिहू दे.

प्रश्न: ती ‘ऑलदो इट वॉज रेनिंग, बट वी वेन्ट आउट’ असं लिहिते, दर वेळी लाल गोल येतो. का?

उत्तर: कारण ती मराठीत बरोबर विचार करतेय! आपल्याकडे जोडी लागते, जरी-तरी, जर-तर, जेव्हा-तेव्हा. इंग्रजीत अशा वाक्यात एकच जोडशब्द पुरतो, ‘ऑलदो’ ठेवला की ‘बट’ काढायचा, ‘बिकॉज’ असेल तर पुढचा ‘सो’ उडवायचा. तिला तिच्याच वहीतली अशी वाक्यं काढून दोनातला एक शब्द खोडायला सांगा, आणि कुठला खोडला त्यावरून कंपाउंड झालं की कॉम्प्लेक्स ते शेजारी लिहायला लावा.