तालुक्यातल्या बंद टॉकीजचा आणि विसरलेल्या कलावंतांचा इतिहास कसा शोधावा?

तुम्ही विचारलंय : मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावची टॉकीज बंद पडली, मालकाच्या घरी कागद उरले नाहीत, जत्रेतले सिनेमाचे तंबू आणि तमाशाच्या फडातले कलावंतही विस्मरणात गेले, मग सुरुवात कुठून करायची?

मालकापासून नको. आधी ऑपरेटर आणि डोअरकीपर गाठा. त्यांची वयं झाली आहेत. कागद पुढच्या वर्षीही मिळेल.

त्यांना साल विचारू नका, अंदाजे उत्तर येतं आणि तेच पुढे छापलं जातं. टॉकीज रझाकाराच्या आधीची की नंतरची, बहात्तरच्या दुष्काळात खेळ चालू होते का, किल्लारीच्या भूकंपावेळी मशीन कोणतं होतं, असं विचारा. सगळ्यात जास्त घोळ टुरिंग टॉकीज (तंबूतली फिरती) आणि पक्की टॉकीज यांत होतो, कारण पुष्कळदा तंबूच्याच जागेवर पुढे इमारत उठली. इथे एक प्रश्न कामी येतो : खेळ चालू असताना दिवे किती वेळा लागायचे? तंबूत बहुधा एकच मशीन असे. ३५ मिमीची फीत मिनिटाला ९० फूट सरकते, म्हणजे २००० फुटी रीळ सुमारे २२ मिनिटांत संपतं आणि दुसरं चढवेपर्यंत पडदा कोरा राहतो. पक्क्या टॉकीजमध्ये दोन मशीन असत. चित्राच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात ठिपका दिसला की ऑपरेटर दुसरं सुरू करायचा. तिथे दिवे फक्त मध्यंतराला लागत.

इमारत उभी असेल तर केबिन बघा. छतातून वर गेलेला धुराड्याचा पाइप, रेक्टिफायर (दिव्याला डीसी वीज पुरवणारं यंत्र), तांब्याचा मुलामा असलेल्या कार्बनकांड्यांचे तुकडे सापडले तर तिथे कार्बन आर्क, म्हणजे दोन कांड्यांमधल्या ठिणगीवर चालणारा दिवा होता. कांड्या जळतील तशा पुढे सरकवाव्या लागत, अंतर बिघडलं की पडद्यावरचा उजेड बिघडायचा. झेनॉन दिवा नंतर आला. मशीनवरच्या नाव-नंबरच्या पट्टीचा फोटो घ्या, पट्टी उचकटू नका. रिळाचा डबा उघडताच व्हिनेगरसारखा वास आला तर फीत कुजते आहे. ती बाकीच्या रिळांपासून वेगळी, थंड आणि हवेशीर जागी ठेवा. फार जुन्या फितीच्या कडेला ‘नायट्रेट’ छापलेलं दिसलं तर मशीनवर चढवू नका, आसपास काडीही ओढू नका. ती भडकली की विझवता येत नाही. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला विचारा.

आता कागद. थिएटरचा परवाना जिल्हादंडाधिकारी देतात, म्हणून फाइल जिल्हाधिकारी कार्यालयात. करमणूक कर २०१७ मध्ये जीएसटीत गेला. त्या शाखेचे जुने बस्ते अभिलेखागारात विचारा. जागेसाठी मालमत्ता पत्रक, फेरफार आणि १९५४ चं खासरा पत्रक (जमिनीच्या नोंदीचं) काढा. १९४८ आधीचा कागद उर्दूत आणि फसली सनात (निजामाच्या महसुली सनात) असतो : सनात ५९० मिळवा. वर्ष आझूर महिन्यापासून, म्हणजे ऑक्टोबरपासून सुरू होतं, त्यामुळे १३५० फसली म्हणजे १९४०-४१. नुसतं १९४० लिहिलंत तर पुढचे नऊ महिने चुकतील.

कलावंतांचा शोध अवघड, पण त्यासाठी एक सरकारी वाट आहे आणि ती फार कमी लोक वापरतात. राज्य शासन वृद्ध कलावंतांना मानधन देतं, आणि त्या अर्जाला कला केल्याचे पुरावे जोडावे लागतात. फडातल्या ढोलकीवाल्याची, सोंगाड्याची, गोंधळ्याची हँडबिलं आणि फोटो अशा अर्जांत सापडू शकतात. पंचायत समितीत आणि जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात चौकशी करा. माहिती अधिकारात खासगी तपशील नाकारला जाऊ शकतो, म्हणून फक्त गावांची नावं मागा आणि कलावंतांच्या घरी स्वतः जा. हँडबिलावर नाव फडमालकाचं असतं, नाचणाऱ्या बाईचं पुष्कळदा नुसतं पहिलं नाव. तिचं पूर्ण नाव, गाव आणि कोणत्या फडात किती काळ होती हे तिच्याच तोंडून लिहून घ्या. छापायला तिची परवानगीही घ्या. मार्गशीर्षात नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेला अजून फड उतरतात. जुन्या कलावंतांचा ठावठिकाणा तिथले ढोलकीवाले सांगू शकतील.