बेल्जियमच्या राज्यात काँगोतल्या लोकांचे हात का तोडत असत?

मुख्यतः काडतुसांचा हिशोब देण्यासाठी. गावाने रबराचा ठरलेला कोटा भरला नाही, की ‘फोर्स पब्लिक’ या तिथल्या वसाहती फौजेचे सैनिक गोळ्या घालत; गोळी वाया गेली नाही याचा पुरावा म्हणून अधिकारी मेलेल्याचा उजवा हात मागत. मग शिकारीत काडतूस खर्च केलेला सैनिक जिवंत माणसाचाच हात कापून आणी. हात टिकावेत म्हणून ते धुरावर वाळवत. ब्रिटिश कॉन्सुल रॉजर केसमेंट यांच्या १९०४ च्या अहवालात हात तोडल्याच्या साक्षी आहेत. त्याच वर्षीचा, मिशनरी अ‍ॅलिस हॅरिस यांनी काढलेला फोटोही आहे: न्साला नावाचा बाप बसलाय, समोर त्याच्या लहानग्या मुलीचा तुटका हात आणि पाऊल. बघवत नाही. मात्र १८८५ ते १९०८ या काळात काँगो बेल्जियमचा नव्हता, बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याची खासगी जहागीर होता.