'हेच टाक' नावाची फाईल

प्रश्न : उद्यमनगरात माझं टर्निंगचं वर्कशॉप आहे. भाच्यानं जुन्या कॉम्प्युटरवरचे सगळे सेटअप पेन ड्राइव्हवर काढून दिले, पण नावं 'नवीन', 'सेटअप ३', 'हेच टाक' अशी. लिबरऑफिसची खरी फाईल कोणती, हे न चालवता कळेल का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : 'हेच टाक' तर अजिबात टाकू नका!

नाव बदललं तरी फाईलचा हॅश, म्हणजे तिच्या आतल्या मजकुराचा जणू अंगठ्याचा ठसा, बदलत नाही. एसएचए-२५६ पद्धतीत आतला बाइट अन् बाइट हिशेबात धरून ६४ अक्षरांची ओळ निघते. आत एक बिट जरी हललं, तरी अख्खी ओळ पालटते. सेव्हन-झिप हे फायली दाबून लहान करायचं सॉफ्टवेअर असेल तर फाईलवर राइट क्लिक, 'सीआरसी एसएचए', मग 'एसएचए-२५६'. आलेली ओळ लिबरऑफिसच्या साइटवर त्या आवृत्तीसाठी दिलेल्या ओळीशी ताडा. आवृत्ती माहीत नसेल तर ओळ व्हायरसटोटल या फायली तपासणाऱ्या साइटवर शोधा. ती फाईल आधी कुणी तपासली असेल, तर कुठल्या नावांनी फिरते तेही दिसतं.

राजारामपुरीत माझ्या टेबलावर असाच एक ड्राइव्ह आला होता. पाच फायली, पाच नावं, हॅश मात्र एकच, 'ई३बी०सी४४२'नं सुरू होणारा. तासभर डोकं खाजवलं. मग साइझ बघितली तर शून्य बाइट! कॉपी फसलेली. रिकाम्या फाईलचा हॅश कुठंही काढा, हाच येतो. बायकोचा मोबाईल नंबर पाठ नाही, पण ही आठ अक्षरं पाठ आहेत.

३२ अक्षरांचीच ओळ मिळाली तर ती बहुधा एमडी५ या हॅशच्या जुन्या पद्धतीची. तिच्यावर विसंबू नका. एकच हॅश येणाऱ्या दोन वेगळ्या फायली २००४ मध्येच करून दाखवल्या गेल्या. आणि साइटच फोडली गेली, तर तिथली ओळही बदलता येते. लिनक्स मिंट या ऑपरेटिंग सिस्टिमच्या साइटवरची डाउनलोडची लिंक फेब्रुवारी २०१६ मध्ये हल्लेखोरांनी बदलली होतीच की.

लिबरऑफिस फुकट आहे, मी तर ते नवीनच उतरवून घेईन. पण ड्राइव्हवर जुन्या सीएनसीचं (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनचं) सॉफ्टवेअर असेल आणि ते आता मिळत नसेल, तर मशीन नीट चालतंय तोवर त्या सेटअपचा हॅश काढून स्वतःलाच मेल करा, म्हणजे पुढे फाईल तीच आहे का हे ताडता येईल. वहीत उतरवू नका, ६४ अक्षरांत एक तरी चुकतंच.