प्लँक ऊर्जा गाठता येत नसताना क्वांटम ग्रॅव्हिटीचे सिद्धांत प्रयोगाने तपासता येतात का?

हो, सगळे नाही, पण त्यांची काही ठोस भाकितं नक्की तपासता येतात. (क्वांटम ग्रॅव्हिटी म्हणजे गुरुत्वाकर्षण आणि क्वांटम भौतिकी यांची सांगड; तिचे परिणाम ठळक होतात ती प्रचंड ऊर्जा म्हणजे प्लँक ऊर्जा.) काही मॉडेल्सनुसार जास्त ऊर्जेचा फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, किंचित हळू धावतो. फरक नगण्य, पण अब्जावधी वर्षांच्या प्रवासात तो साठत जातो. मे २००९ मधल्या जीआरबी ०९०५१० या गॅमा-किरण स्फोटातला ३१ जीईव्ही (अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्ट) ऊर्जेचा फोटॉन सुमारे सात अब्ज वर्षं प्रवास करूनही स्फोटाची पहिली चाहूल लागल्यापासून सेकंदाच्या आत फर्मी या अवकाशातल्या गॅमा-किरण दुर्बिणीत टिपला गेला. ऊर्जेच्या समप्रमाणात वेग घटवणारी मॉडेल्स त्यामुळे पार अडचणीत आली, आणि हे यश मला फार मोठं वाटतं. मात्र घट ऊर्जेच्या वर्गाच्या प्रमाणात असेल, तर ही कसोटी खूपच सैल पडते. शिवाय फोटॉन स्रोतातूनच उशिरा सुटलेला असू शकतो; म्हणून वेगवेगळ्या अंतरांवरचे स्फोट ताडून पाहावे लागतात. अंतराबरोबर वाढत जाणारा उशीर तेवढाच प्रवासातला.