ठळक आणि ठसठशीत: 'मोदक' टंकाच्या निमित्ताने

ठाण्याच्या एका वाचकाने विचारलं आहे: नौपाड्यातल्या सोसायटीच्या गणेशोत्सवाच्या पत्रिकेसाठी त्यांनी 'मोदक' हा गुबगुबीत फॉन्ट, म्हणजे टंक, निवडला. छापणाऱ्याला निरोप धाडला, "मथळा ठळक करा." त्याने बोल्डचं बटण दाबलं आणि अक्षरं लिंपून गेली. आता प्रश्न असा, की 'ठळक' हा शब्दच चुकला का? जाड, ठळक आणि ठसठशीत यांत फरक काय? आणि अशा, मथळ्यांसाठी घडवलेल्या डिस्प्ले फॉन्टला मराठीत म्हणावं तरी काय?

शब्द चांगलाच आहे, जागा चुकली. 'ठळक' हा तुलनेचा शब्द. ठळक बातम्या म्हणजे सगळ्या बातम्यांतून वर काढलेल्या मोजक्या; ठळक वैशिष्ट्यं म्हणजे बाकीच्यांच्या आधी नजरेत भरणारी. आजूबाजूला काही साधं असेल तरच एखादी गोष्ट ठळक ठरते. छपाईतही तेच. परिच्छेदात एखादा शब्द ठळक करतो, तेव्हा त्याच टंककुटुंबातलं, म्हणजे त्याच वळणाचं, जाड भावंड आपण पुढे आणतो.

'ठसठशीत'ला असा शेजार लागत नाही. ठसठशीत कुंकू, ठसठशीत नथ, ठसठशीत अक्षर: वस्तू स्वतःच भरीव, रेखीव आणि आत्मविश्वासाने मांडलेली असते. शिवाय त्यात कौतुक आहे. 'जाड' मात्र नुसतं रेघेचं माप सांगतो, चांगलं-वाईट सांगत नाही.

मोदककडे या नजरेने पाहा. मुंबईच्या 'एक टाइप' या गटाचा हा टंक, सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांनी घडवलेला. तो एकाच जाडीत मिळतो आणि फॉन्टच्या यादीत त्या जाडीपुढे 'रेग्युलर' असं लिहिलेलं असतं! म्हणजे देवनागरीतल्या सर्वांत गुटगुटीत टंकांपैकी एक, यंत्राच्या हिशेबी साधाच आहे. त्याला जाड भावंड नाही. तरीही बोल्ड मागितलं, तर काही सॉफ्टवेअर अक्षराची कड सरसकट बाहेर फुगवतात. मोदकमध्ये अक्षरांच्या पोटातल्या पोकळ्या आधीच केसाएवढ्या बारीक ठेवल्या आहेत. अक्षर ओळखू येतं ते त्या पांढऱ्या चिरांमुळे. कड फुगली की चिरा बुजतात आणि उरतो काळा गोळा.

देवनागरी जाड करणं किती अवघड, हे यातून कळतं. 'घ' आणि 'ध', 'म' आणि 'भ' यांच्यातला फरक डाव्या खांद्यावरच्या छोट्या वळणाचा आणि तिथे तुटलेल्या शिरोरेषेचा. ती फट मिटली की 'धन'चा 'घन' झालाच. जोडाक्षरांचं तर विचारू नका. 'महाराष्ट्र'मधल्या 'ष्ट्र'ला एकाखाली एक किती रेघा सोसाव्या लागतात ते बघा. वर मात्रा, वेलांटी, रफार, खाली उकार. शिरोरेषा जितकी जाड, तितकी खालच्या अक्षराला जागा कमी. म्हणून असा टंक घडवणारा माणूस रेघ सगळीकडे सारखी फुगवत नाही. कुठे पोट सोडायचं, कुठे गाठ आवळायची, हे अक्षरागणिक ठरवतो. आपलं 'ठाणे' घ्या. 'ठ'ला ऐसपैस गोल पोट मिळालं आहे, तिथे वजन हौसेने भरता येतं. 'ण'ला मात्र दोन उभ्या रेघांमधली जागा जपावी लागते. स्टेशनवरच्या पिवळ्या पाटीवर हेच नाव मोकळ्या, एकसारख्या रेघेत हवं, कारण ते धावत्या गाडीतून वाचायचं असतं. पत्रिकेच्या पहिल्या पानावर त्याने खुशाल ठसठशीत व्हावं.

इंग्रजीतही या जातीच्या अक्षरांना नुसतं 'बोल्ड' म्हणून भागलं नव्हतं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये लॉटरीच्या जाहिरातींसाठी जी थोराड अक्षरं आली, त्यांना 'फॅट फेस' म्हणतात.

डिस्प्ले फॉन्टला मी 'मथळ्याचा टंक' म्हणेन. 'टंक' म्हणजे छिन्नीही आणि नाण्यावरचा ठसाही. टाकसाळ त्यातूनच आली. मथळ्याचा टंक म्हटलं की तो थोडक्या शब्दांसाठी, मोठ्या आकारात वापरायचा, हेही आपोआप सांगून होतं. 'शोभिवंत टंक' मला अपुरा वाटतो, कारण मथळ्याचा प्रत्येक टंक नक्षीदार नसतो. छपाईवाल्याशी बोलताना 'हेडिंगचा फॉन्ट' म्हणायलाही काहीच हरकत नाही, तोही आता मराठीच आहे. फक्त कमल शेडगे यांनी नाटकांच्या नावांसाठी जी अक्षरं हाताने रेखाटली, त्यांना टंक म्हणू नये. ते अक्षरांकन. तिथे एकाच नावातले दोन 'ठ' दोन तऱ्हांनी काढता येतात. टंकातला 'ठ' एकदाच घडतो आणि त्याला पुढे कोणत्याही शब्दात, कोणत्याही शेजाऱ्याबरोबर निभवावं लागतं.

ठळक आणि मोठं यांचीही गल्लत होते. दुकानांच्या पाट्यांबाबत महाराष्ट्रात २०२२ साली झालेल्या कायद्यातल्या दुरुस्तीनुसार मराठी अक्षरांचा आकार इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान असू नये. जाडीचं काय? ठाण्याच्या गोखले रोडवरून चालताना पाट्या नीट बघा. उंचीला बरोबरीची, पण काडीसारख्या रेघेची देवनागरी भरभक्कम रोमनशेजारी उभी दिसली, की ती मोठी असूनही ठळक नाही, हे लगेच पटेल.

पत्रिकेसाठी निरोप असा द्या: "मथळा मोदकमध्ये, आहे तसाच, बोल्ड न करता, मोठ्या आकारात. बाकी मजकूर मुक्तामध्ये. त्यात तारीख, वेळ आणि ठिकाण ठळक." 'मुक्ता' हाही 'एक टाइप'चाच टंक आणि त्यात सात जाड्या आहेत, त्यामुळे तिथे छापणाऱ्याला बोल्ड खरंखुरं मिळेल.