क्लासविना जपानी: बारावीपर्यंत कुठवर मजल जाईल?

प्रश्न: मी कोपरखैरण्यात राहते. नुकतीच अकरावी कॉमर्सला ठाण्याच्या कॉलेजात प्रवेश घेतला आहे. जपानीच्या क्लासची फी घरी परवडत नाही. घरच्या घरी शिकून बारावीपर्यंत जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन३ पातळी होईल का? त्यावर नोकरी मिळेल का? आई म्हणते, आधी बोर्डाचं बघ.

उत्तर: एन३ चा हट्ट आत्ता सोड. पातळ्या पाच: एन५ सगळ्यात सोपी, एन१ सगळ्यात कठीण. रोज सव्वा तास दिलास तर एन५ नक्की जमेल, नेट लावलास तर एन४.

पहिला महिना फक्त लिपीला दे. हिरागाना 46 आणि काताकाना 46 अक्षरं, रोज पाच, वहीत हातानेच. तक्त्याचा क्रम आ-इ-उ-ए-ओ, मग क, स, त, न, ह असा आहे. बौद्ध भिक्षूंच्या संस्कृत वर्णमालेच्या अभ्यासातून तो तिकडे रुजला, त्यामुळे आपल्याला पटकन पाठ होतो. घोळ होतो काताकानात. 'शि' आणि 'त्सु', तसंच 'सो' आणि 'न्' यांत फरक असतो तो मुख्यतः रेघ कुठून कुठे ओढली याचा. नुसतं बघून तो ध्यानात राहत नाही, लिहून राहतो.

लिपी आली की जपानी शब्द देवनागरीत लिहून ठेवणं बंद कर. बोलताना आपण ऱ्हस्व-दीर्घ सैल सोडतो, तिथे मात्र स्वर लांबला की शब्दच बदलतो. 'ओबासान' म्हणजे मावशी-काकू, 'ओबाआसान' म्हणजे आजी. जोडाक्षराचंही तेच: 'किते' म्हणजे ये, 'कित्ते' म्हणजे टपालाचं तिकीट. ऐकण्याच्या भागात हमखास गुण जातात ते इथे. एक सोय मात्र मराठी मुलांना फुकट मिळते. 'त्सु' हा आपल्या 'चूल'मधला चू, आणि 'चि' हा 'चिमणी'तला. इंग्रजी स्पेलिंगवरून शिकणाऱ्यांना हा फरक कष्टाने घोटावा लागतो.

व्याकरणाला एकच पुस्तक धर. जपान फाउंडेशनचं 'इरोदोरी' ऑडिओसकट मोफत उतरवून घेता येतं. यूट्यूब अडलेल्या मुद्द्यापुरतं ठेव, पाच चॅनेलांवर पाच वेळा पहिलाच धडा होतो. क्रियापद शेवटी आणि प्रत्यय नामानंतर, ही रचना आपलीच. गाडी अडते क्रियापदाच्या 'ते' रूपापाशी, म्हणजे शेवटी 'ते' किंवा 'दे' येणाऱ्या रूपापाशी. तिथे दोन आठवडे गेले तरी चालतील, कारण पुढचं बरंचसं व्याकरण त्यावरच उभं आहे.

शब्दांसाठी अँकी हे उजळणी करून घेणारं ॲप घे, अँड्रॉइडवर ते मोफत आहे. रोज दहाच नवे शब्द. उत्साहाच्या भरात तीस घेतलेस तर महिन्याभरात उजळणी इतकी साचते की ॲप उघडायचीच भीती वाटते. ही उजळणी ठाणे लोकलमध्ये उरकते. ऐकण्याचा सराव मात्र घरीच कर, गाडीच्या खडखडाटात स्वराची लांबी कळत नाही.

जेएलपीटी परीक्षा जुलै आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी असते आणि मुंबईत केंद्र आहे. अर्ज काही महिने आधी भरायचे असतात, म्हणून तारखांवर आत्तापासून लक्ष ठेव. एन५ ला 180 पैकी 80 हवेत, शिवाय भाषा-वाचनात 120 पैकी 38 आणि ऐकण्यात 60 पैकी 19. एकूण 110 आले पण ऐकण्यात 18, तर नापास. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नकोस.

अकरावीच्या डिसेंबरात एन५ दे, बारावीच्या जुलैत एन४. ते हुकलं तर थेट बोर्डानंतरच्या जुलैत. बारावीच्या डिसेंबरचा अर्ज भरूच नकोस, आईचं म्हणणं इथे शंभर टक्के खरं आहे.

या परीक्षेत बोलणं नसतं, म्हणून प्रमाणपत्र हातात असूनही तोंड उघडत नाही अशी मुलं पुष्कळ. इरोदोरीतले संवाद ऑडिओच्या मागोमाग रोज दहा मिनिटं मोठ्याने म्हण आणि स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून ताडून बघ. क्लासचे पैसे जमलेच तर एन४ नंतर संभाषणासाठी खर्च कर. लिपी शिकायला फी भरणं मला उधळपट्टी वाटते.

नोकरीचं म्हणशील तर एन५ ला बाजारात किंमत नाही. खरी मागणी एन३ पासून, अनुवादासाठी एन२ च्या पुढे. तीही अकाउंट्ससारख्या दुसऱ्या कामाची जोड असेल तर, म्हणून बीकॉम सोडायचा विचार नको. बारावीनंतर जपान सरकारच्या मेक्स्ट शिष्यवृत्तीचा पर्यायही बघ. त्यात पदवीआधी तिकडे एक वर्ष भाषाच शिकवतात. पण निवड परीक्षेत कॉमर्सच्या मुलांनाही गणिताचा पेपर असतो. अकरावीत गणित घेतलं नसशील, तर विषय बदलण्याची मुदत संपायच्या आत कॉलेजात चौकशी कर.