चोविसाव्या वर्षी सतत आईच्याच भूमिका मिळत असतील, तर नकार द्यावा का?

तुम्ही विचारलंय की नागपूरच्या हौशी नाटकांत दर वेळी आई नाहीतर आजीच वाट्याला येते, आणि अभिनेत्री रोहिणी हट्टंगडींनीही तरुणपणीच म्हाताऱ्या केल्या, हे उदाहरण देऊन दिग्दर्शक गप्प बसवतात. उदाहरण बरोबर आहे, पण अर्धवट सांगितलेलं.

त्यांचा जन्म १९५१चा. १९८४च्या 'सारांश'मध्ये म्हातारी पार्वती प्रधान साकारली तेव्हा त्या जेमतेम तेहतिशीच्या होत्या. १९९०च्या 'अग्निपथ'मध्ये त्या अमिताभ बच्चन यांच्या आई झाल्या, आणि बच्चन त्यांच्याहून साडेआठ वर्षांनी मोठे! मात्र 'गांधी'तली कस्तुरबा तरुणपणापासून १९४४च्या शेवटच्या आजारापर्यंत जाते. ब्रिटनचा बाफ्टा पुरस्कार मिळाला तो या भूमिकेला. शिवाय त्याच १९८२ साली 'अर्थ'मध्ये त्या मोलकरीण होत्या. ती बाई म्हातारी नाही, आणि तिला फिल्मफेअर मिळालं. हे दिग्दर्शक सांगत नाहीत.

म्हणून माझं मत: आई घ्या, पण प्रवास असलेली घ्या. पहिल्या प्रवेशापासून शेवटपर्यंत ओट्याशी उभं राहून डोळे पुसणारी असेल तर सरळ सोडा.

घेतलीत तर एक चूक टाळा. कंबरेत वाकून, कापऱ्या आवाजात बोललं की वय दिसत नाही, नक्कल दिसते. वय आधी गुडघ्यांत येतं. खुर्चीवरून उठताना आधी हात टेकवा, वजन पुढे घ्या, मग उठा. उठल्यावर क्षणभर थांबा आणि मगच पाऊल टाका. आवाज तोच ठेवा, श्वास छोटा करा. लांब वाक्य दोन ठिकाणी तोडलं की पुरतं. केसांना टाल्कम पावडर मुळीच नको. घामात तिचे गोळे होतात आणि डोक्यावरून पदर घेतला की उडते. कानशिलापाशी आणि भांगाजवळ पांढऱ्या रंगाच्या चार रेघा ओढा. कॅमेऱ्यासमोर हे सगळं निम्म्यावर आणा.

मालिकेसाठी ऑडिशन पाठवताना एकेक मिनिटाच्या दोन क्लिप करा आणि स्वतःच्या वयाची आधी लावा. पहिली क्लिप म्हातारीची गेली की कास्टिंगवाले तुम्हाला त्याच खणात टाकतात. मोबाइल डोळ्यांच्या उंचीवर ठेवा, खिडकी समोर हवी, पाठीमागे नको. आणि बाप्पा, कूलर बंद करा! मे महिन्यात जिवावर येतं, पण त्या घरघरीत संवाद बुडतो. 'करून राहिली', 'येऊन राहिली' ही आपली बोली एका क्लिपमध्ये मुद्दाम ठेवा, दुसरी प्रमाण भाषेत; दोन्ही जमतात हे कळायला हवं.

एनएसडीचा, म्हणजे दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा विचार असेल तर घाई करा, प्रवेशाला वयाची अट असते, आणि नाटकांत काम केल्याचे पुरावेही मागतात. हट्टंगडी तिथूनच, तेव्हाचे संचालक इब्राहिम अल्काझींच्या हाताखाली शिकून आल्या. आईच्या भूमिकांची प्रमाणपत्रंही तिथे चालतात. 'चार दिवस सासूचे' मालिकेतली सासू त्यांनी स्वीकारली ती पन्नाशीला, २००१ साली. तुमच्या हातात अजून सव्वीस वर्षं आहेत.